पाच फूट सात इंच

नाही, पण मी म्हणतो, चोराची उंची मी का मोजू? त्याला काय सदरा शिवायचाय? तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, आजवर दुकानातला एक स्क्रूसुद्धा कुणी उचलला नव्हता! आणि एके दिवशी पालिकेचे साहेब आले हातात कागद घेऊन. ‘छोट्या दुकानांत गुन्हे होऊ नयेत म्हणून नवा नियम! काच मोकळी करा, आतलं सगळं रस्त्यावरून दिसलं पाहिजे. दाराला उंचीची पट्टी लावा. प्रशिक्षण घ्या. नाहीतर परवाना रद्द. तुमच्याच भल्यासाठी आहे हो, काका!’

भल्यासाठी म्हणे! काचेला टांगलेली घड्याळं हीच माझी जाहिरात, ती उतरवली. प्रशिक्षणाला गेलो. तिथे एक बाई, गोड आवाजात, ‘चोराशी भांडायचं नाही हं. ओरडायचं नाही. तो दारातून जाताना कुठे बघायचं? पट्टीकडे!’ तीनदा म्हणून घेतलं आमच्याकडून... पाढे म्हटल्यासारखं!

आणि चौथ्याच दिवशी, भर दुपारी, आला की हो! येणारच! त्याला बाहेरूनच दिसलं ना सगळं... म्हातारा डोळ्याला भिंग लावून वाकलाय, आणि दुरुस्त झालेल्या घड्याळांचा ट्रे टेबलाच्या कडेला. अकरा घड्याळं, सगळी गिऱ्हाइकांची! उचलला ट्रे आणि चालता झाला. मी भांडलो? नाही. ओरडलो? छे! नियमाप्रमाणे टकामका पट्टीकडे बघत बसलो!

हवालदार आला. ‘चेहरा कसा होता?’ बघितला नाही. ‘दाढी? चष्मा?’ माहीत नाही. ‘मग बघितलंत तरी काय, काका?’

मी छाती काढून सांगितलं, ‘पाच फूट सात इंच!’

त्यानं पट्टीला पाठ लावली... पाच सात. शेजारच्या न्हाव्याला उभं केलं... पाच सात! मी उभा राहिलो, मीही तेवढाच! आमची ही म्हणाली, ‘तुम्हा तिघांना बेड्या घाला, म्हणजे झालं!’ हसले हो सगळे. पण त्या ट्रेमध्ये एका आजींच्या यजमानांचं घड्याळ होतं. यजमान वारल्यापासून त्या रोज सकाळी त्याला किल्ली देतात. दुसऱ्या दिवशी आल्या, हात पुढे केला... काय ठेवू त्या हातावर? पाच फूट सात इंच? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

तेवढ्यात साहेब हजर. मला वाटलं, चौकशीला आले. कसलं काय! ‘काका, चोरी झालेलं दुकान नियमाप्रमाणे धोक्याचं ठिकाण. दोन महिने सील. तुमच्याच भल्यासाठी...’

‘अहो, सील त्या चोराला ठोका ना!’ मी ओरडलो. हिनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कुलपावर लाख ओतली.

आता महिना झाला, घरी बसलोय. काल ऐकलं, साहेबांचा सत्कार झाला... त्यांच्या नियमामुळे आमच्या रस्त्यावर महिनाभरात एकही चोरी नाही! आता त्यांना खोटं तरी कसं म्हणू? बंद दुकानात चोर येऊन करणार काय!