गाडी आल्यावर घंटा

पहिल्याच दिवशी उशीर! नवी प्राध्यापिका निवेदिता हिचा जीव टांगणीला लागला होता. जळगाव जामोदहून निघालेली एसटी नांदुऱ्याच्या अलीकडे रखडली होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“बिलकिस, तुह्या नातीचा पहिला तास बुडाला वं.”

“काऊन बुडते? ही गाडी आल्याबिगर आपल्या कॉलेजात घंटा होत नाही.”

“अजून बी?”

“हाव! कापसाच्या जिनिंगच्या शेडात कॉलेज भरे तवापासून. खेड्यातल्या पोरी याच गाडीनं येत ना.”

“लोक हासत. एसटीवर चालनारं कॉलेज म्हनत.”

“हासू दे. आता प्राचार्य कोन हाये? याच गाडीनं शिकाले येनारी यास्मीन!”

अखेर गाडी कॉलेजच्या फाटकाशी थांबली. घंटेची दोरी धरून प्राचार्य यास्मीन उभ्या होत्या.

“गाडीत कोनी राह्यलं का?”

“नाही, मॅडम,” शेवटी उतरलेली निवेदिता म्हणाली.

आणि घंटा दणाणली.