सोमवारची सेल्फी

हसा बापूहो, पण माया जागी तुमी असते तं तुमीबी तेच केलं असतं. तवा वरून आदेश होता की, दर सोमवारी मास्तरनं दहा पोरायसंग मोबाईलवर सेल्फी काढाची अन् सरकारी साइटवर टाकाची. आमची शाळा परतवाड्याच्या पुढं. कापूस फुटलेला, अन् पोरं सारी मायबापासंग वेचाले गेलेली. वर्गात पाखरू नाई.

मंग काय, गाडी काढली अन् थेट वावरात गेलो. कापूस टाकाले कमरेले ओट्या बांधलेली दहा पोरं गोळा केली अन् वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभी केली, कारण रेंज तिथंच येत होती. फोटो गेला. पाच मिनिटात मास्तरायच्या ग्रुपवर शिक्षण खात्यातल्या साहेबाचा मेसेज आला, "क्षेत्रभेट! उत्तम उपक्रम. सर्व शाळांनी अनुकरण करावे."

मी खुशीत पोरायले वाचून दाखवला. तवा चौथीतली रेश्मा पुढं आली. बोंडं लागून तिची बोटं चिरलेली होती. म्हणे, "सर, इथवर आलेच तं आजचा धडा शिकवून द्या ना. वेचणं थांबवत नाई आमी, नुसतं कानानं आयकतो."

मी म्हटलं, "आज नाई व बाई. आज किती पोरायनं शाळेत खिचडी खाल्ली, थे मले मोबाईलवर भराचं हाय."

ती "बरं" म्हणे, अन् पुन्हा वेचाले वाकली.

अन् मी तिथंच धुऱ्यावर, तिच्यासमोर उभं राहून, दहा भरले.