समुद्राकाठचं गोड पाणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय गीतांजलीताई, प्रमुख पाहुणे आणि आमचे एकेकाळचे वरिष्ठ देवमनजी साहेब, सत्कारमूर्ती उद्धवराव गावंडे, त्यांच्या शेजारी बसून 'हा माणूस आता काय काय बोलणार' या काळजीत असलेल्या तारावहिनी, पहिल्या रांगेत बसलेल्या उद्धवरावांच्या आई गोदाबाई, भूजल कार्यालयातले माझे सगळे सहकारी, अकोला-अमरावतीहून आलेले स्नेही आणि जेवणाचा वास येऊ लागल्यावरही जागा न सोडलेले सभ्य श्रोतेहो, आपणा सर्वांना या यशोधन पाठकचा नमस्कार.

सूत्रसंचालक धम्मदीप यांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. तसा मी प्रयत्न करीन. पण उद्धवरावांबरोबर एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर जन्म गेला, त्याचं थोडक्यात कसं करायचं? माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांची शिस्त, त्यांचा अभ्यास, त्यांचा मितभाषी स्वभाव याबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. मितभाषी तर इतके की खोलीतला पंखा बंद करायचा असला तरी ते बोलत नसत, नुसते पंख्याकडे पाहत बसत. मग मीच उठायचो.

मघापासून सभागृहात एक कुजबूज चालू आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो. निवृत्तीनंतर उद्धवराव राहणार कुठे? अकोल्यातल्या फ्लॅटमध्ये, की पूर्णेच्या काठावर, आपल्या गावी? त्यांना गावी जायचं आहे, हे कार्यालयातल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत. प्रश्न तारावहिनींचा होता. आणि वहिनींचा प्रश्न पाण्याचा होता.

देवमनजी साहेबांबरोबर त्यांची पुण्याची मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. जमीन काळीभोर, कापूस-हरभरा उत्तम. पण विहीर खणली की पाणी खारं. आंघोळीला साबणाचा फेस होत नाही, चहा नासल्यासारखा लागतो आणि तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. या भागातल्या माणसाची एक सवय तुम्ही पाहा. तो कुठेही पाहुणा गेला, की पाण्याचा पहिला घोट गिळत नाही. तो घोट जिभेवर धरतो, अंदाज घेतो आणि मग पुढचं पितो. उद्धवरावांनी आयुष्यभर असंच पाणी प्यायलं आहे. आत्ता व्यासपीठावरसुद्धा तसंच प्याले, मी पाहिलं.

तारावहिनी तिवसा तालुक्यातल्या. माहेरची विहीर गोड. लग्न होऊन आल्या, रीतीप्रमाणे नव्या सुनेच्या हातचा पहिला स्वयंपाक, घर पाहुण्यांनी भरलेलं. आणि डाळ शिजेना. सकाळी ठेवलेली डाळ दुपारी पंगतीत दाण्यासारखी कडकड वाजली. सासरच्या माणसांना पाण्याची सवय होती. ते रात्री भिजवून, सोडा टाकून, नदीचं पाणी राखून काय काय करून निभावत. ते नव्या सुनेला कोणी सांगितलंच नाही. पंगतीतल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. गोदाबाई आज समोर आहेत, म्हणून त्यांच्या परवानगीनेच सांगतो. त्या म्हणाल्या होत्या, "मायबापानं पोरीले दाय शिजवाले बी नाई शिकवलं."

त्या संध्याकाळी वहिनींनी उद्धवरावांना सांगून टाकलं, "तुमच्या गावाले मी सणावाराले येईन. राहाले येनार नाई." आणि त्या शब्दाला जागल्या. दर पोळ्याला, दर दिवाळीला जात. सोबत अकोल्याहून पाण्याचा कॅन. सासूशी वागणं चोख, बोलणं मोजकं. घोडं अडलं ते तिथे. उद्धवरावांना आई तिकडे एकटी आणि संसार इकडे, असं ओढाताणीत आयुष्य काढावं लागलं. आणि नोकरी कसली? विहिरींचं पाणी तपासायची! स्वतःच्या गावच्या प्रत्येक विहिरीवर 'पिण्यास अयोग्य' असा शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने दिला आहे.

आता समुद्राकडे वळतो. धम्मदीप, घड्याळ दाखवू नका, मी वळलोय.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या विहिरींत समुद्राचं पाणी किती शिरतं याची पाहणी निघाली. खाऱ्या पाण्याची सवय असलेली माणसं म्हणून वऱ्हाडातून आम्हा दोघांची निवड झाली. सोबत जीप आणि आमचे चालक नत्थुजी. दिवाळीनंतर निघालो, लवकरच परतायचं असं ठरलं होतं. काम लांबत गेलं आणि परत आलो तेव्हा तिकडे झाडावरचे आंबे उतरायला लागले होते.

आमचा मुक्काम होता मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे-पलीकडे. आपल्याकडून कोकणात जाणारा माणूस गणपतीपुळ्याला जातो, मालवणला जातो, नाहीतर अलिबागला जाऊन फोटो काढून येतो. या भागाचं नाव कोणी घेत नाही. का घेत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रविवारी आम्ही फेरीबोटीत जीप चढवून खाडी ओलांडायचो. बाणकोटचा किल्ला आमच्याशिवाय रिकामा. केळशीला वाळूची अख्खी टेकडी आहे, तिच्यावर बसून राहायचं. सुरूच्या बनातून चालत जायचं, वाटेत एखादं जांभ्या दगडाचं देऊळ लागलं की त्याच्या पायरीवर डबा उघडायचा. नत्थुजींना मासे चालत नसत आणि नारळ घातलेली भाजी भाजी वाटत नसे, त्यामुळे त्यांनी पहिला आठवडा घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. नंतर मात्र सोलकढीसाठी तेच वाट वाकडी करायला लागले.

अशाच एका दुपारी आमच्या हातून जे झालं ते फक्त वऱ्हाडी माणसाच्याच हातून होऊ शकतं. खाडीच्या तोंडाशी एका वाडीतल्या विहिरी पाहायच्या होत्या. रस्ता अरुंद, ऊन कडक. समोर खाडीचं पात्र, कोरडी स्वच्छ वाळू, वर कड्याची सावली. उद्धवराव म्हणाले, "नत्थुजी, खाली लावा गाडी, सावली हाय."

आता सांगा, यात कोणाला काय वावगं वाटेल? आपल्याकडे नदीचं पात्र दिवाळीपासून मृगापर्यंत रस्ताच असतं. त्यात बैलबाजार भरतो, क्रिकेटचे सामने होतात, लग्नाच्या गाड्या लागतात. पाऊस नाही तर पाणी नाही, हे आपल्या रक्तात आहे. भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेले आम्ही दोघे, भरतीचं गणित परीक्षेत लिहून पास झालेले. पण गाडी लावताना मनात होती पूर्णा.

विहिरी पाहून परत आलो, तर जीपची चाकं दिसेनात. नत्थुजी टपावर मांडी घालून बसलेले, चपला शेजारी. आम्हाला पाहून ओरडले, "साहेब, वरतं आभाय कोरडं ठाक हाय, मंग हे पानी कुठून येऊन राह्यलं?"

वाडीतल्या लोकांनी त्यांना होडीतून काढलं. हसत होते सगळे, पण मदतही करत होते. ओहोटी लागेपर्यंत थांबणं भाग होतं. जवळच्याच घरातल्या एक वयस्क बाई, सगळी वाडी त्यांना आत्या म्हणायची, आम्हाला अंगणात घेऊन गेल्या आणि तांब्याभर पाणी दिलं. अंगणाच्या खाली वाळू आणि वाळूच्या पुढे समुद्र. इतका जवळ की बोलताना आवाज चढवावा लागे. उद्धवरावांनी सवयीने पहिला घोट जिभेवर धरला. मग तो गिळला आणि सगळा तांब्या संपवला.

"विहीर कुठली?" त्यांनी विचारलं.

"ही काय, माडांत," आत्या म्हणाल्या.

विहीर उथळ, रुंद, वर रहाट. पाणी गोड. खाऱ्यापेक्षा गोडं पाणी हलकं, पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्याच्या वर तरंगत राहतं, वरचंवरचं हळू काढलं तर ते टिकतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. ते पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं, त्यावर आम्ही दोघांनी व्याख्यानं दिली आहेत. उद्धवरावांना थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्यांनी विचारलं, "मोटर नाही लावली?" आत्या म्हणाल्या, "वाडीत कोणीच नाही लावत. एकदा एकाने लावली, त्याचे माड गेले आणि शेजाऱ्याचं पाणी पण गेलं. तेव्हापासून सगळ्यांनी ठरवलंय. ओढायचा कंटाळा येतो, नाही असं नाही."

ओहोटी लागली, जीप निघाली, इंजिन धुवायला दिलं. परतताना उद्धवराव गप्पच होते. त्यात नवीन काही नव्हतं. पण मुक्कामाला उतरताना म्हणाले, "पाठक, समुद्र अंगनात असून बाई गोड पानी पेते. अन् माही माय, समुद्रापासून इतक्या दूर, खारं पेते." त्यांचा आवाज हलला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे रविवार फिरणं तेच होतं, पण आता आम्ही विहिरी बघत फिरत होतो. कामासाठी नव्हे, स्वतःसाठी. कोणत्या वाडीने काय नियम केलाय, तो मोडला तर काय करतात, हे उद्धवराव विचारत बसायचे. मितभाषी माणूस बायकांच्या घोळक्यात उभा राहून रहाटाबद्दल चौकशी करतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परत आल्यावर त्यांनी गावाला पटवलं. नाल्याकाठचं जुनं तळं उपसून खोल केलं, त्यात पावसाचं पाणी अडवलं आणि तळ्याच्या बाजूला उथळ, रुंद विहीर घेतली. पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी लागलं आणि ते गोड होतं. गावात नारळ फुटले. आणि मग आमचं वऱ्हाडी डोकं चाललं. पाणी लागलं की मोटर लावायची आणि तळाला आणखी बोअर मारायचं, हा आपला धर्मच आहे. उद्धवरावांचा पुतण्या नितेश इथे बसला आहे. लाजू नकोस बाबा, तुझा हेतू चांगला होता. म्हाताऱ्या आजीने बादल्या का ओढाव्यात, म्हणून त्याने मोटर बसवली आणि अजून गोड पाणी लागेल म्हणून खाली बोअर घेतलं. दिवाळीपर्यंत पाणी पुन्हा खारं झालं. वहिनी त्या दिवाळीला गेल्या, त्यांनी चव घेतली आणि गाडीतला कॅन उतरवून घेतला.

मला वाटलं, आता हा माणूस खचला. कशाचं काय! नितेशला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यालाच रजा घेऊन कोकणात नेलं, आत्यांच्या अंगणात बसवलं आणि रहाट ओढायला लावला. परत आल्यावर मोटर नितेशनेच काढली. बोअर मातीने दाबून बंद केलं. गावाच्या सभेत एकच ठराव झाला, या विहिरीवर मोटर नाही. आणि मग उद्धवराव पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत थांबले. निवृत्ती जवळ येत होती आणि ते आभाळाकडे बघत होते.

आता या वर्षीचं. पाणी पुन्हा गोड झालं. गोदाबाईंना विचाराल तर त्या वेगळंच सांगतील. पहिला पेला पिऊन म्हणाल्या, "हे कायचं पानी? पचक लागते." जन्मभर खारं प्यायलेल्या माणसाला गोड पाणी बेचव लागणारच. पण प्यायला लागल्या.

आणि मागच्या पंधरवड्यात तारावहिनी गावी गेल्या. सण नव्हता, कोणाचं लग्न नव्हतं. कॅन नेला नव्हता. मी आणि माझी पत्नी सोबत होतो, म्हणून सांगू शकतो. वहिनींनी स्वतः त्या विहिरीतून बादली ओढली. स्वयंपाकघरात गेल्या, तुरीची डाळ धुतली, न भिजवता चुलीवर चढवली आणि पाट घेऊन समोर बसल्या. आम्ही सगळे ओसरीवर, उद्धवराव दारात उभे. घड्याळाकडे कोणी पाहत नव्हतं, सगळे पातेल्याकडे पाहत होते.

गोदाबाई काठी टेकत आत गेल्या. पातेल्यातला एक दाणा उचलून त्यांनी बोटांत धरला. तो दाबताच त्याचं पीठ झालं. त्या सुनेजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तारा, दाय शिजली." मग म्हणाल्या, "माय, त्या पंगतीत तुही चूक नोयती."

वहिनी चुलीकडेच बघत राहिल्या. पदराने डोळे पुसले आणि सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, मीठ कुठं ठेवता तुमी? मले राहाचं हाय त माईत पायजे."

तर मंडळी, कुजबूज थांबवा. सामान येत्या सोमवारी निघतं आहे.

उद्धवराव, माझ्या समोरची खुर्ची आता रिकामी होणार आणि पंखा बंद करायला कोणाकडे बघून उठायचं, हा माझा प्रश्न आहे. तो मी सोडवीन. तुम्ही गावी सुखाने राहा, पाणी वरचंवरचं काढा आणि आम्हाला जेवायला बोलवा.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल गीतांजलीताईंचे, माझा वेळ संपल्यावरही माइक न ओढल्याबद्दल धम्मदीप यांचे आणि घरातली गोष्ट चारचौघांत सांगू दिल्याबद्दल गावंडे कुटुंबाचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल. गोदाबाईंनी सुनेला न केलेल्या चुकीतून मोकळं करायला अख्खा संसार घालवला. माझ्या केलेल्या चुका तुम्ही पंगत बसायच्या आत पोटात घाला, एवढीच विनंती. आजच्या पंगतीतली डाळ त्याच पाण्यात शिजली आहे. नमस्कार.