वर्तनाच्या रकान्यातला शेरा

मंचावर विराजमान असलेले संस्थेचे आदरणीय अध्यक्ष, मुख्याध्यापक सर, आज प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून बोलावलेले तपासणी अधिकारी साहेब, माझे सहकारी, पालकमंडळी, आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मुलांनो,

आत्तापर्यंतची निरोपाची भाषणं ऐकून मला वाटलं, ही बाई कोण आहे, एकदा भेटायला हवं. सरांनी मला संयमी म्हटलं तेव्हा तिसऱ्या रांगेत आमच्या ह्यांना ठसका लागला, तो तुम्हीही ऐकलात. सकाळी निघताना ते म्हणाले होते, गुच्छ घे, दोन शब्द बोल आणि खाली बस. गुच्छ मी घेतला आहे. दोन शब्दांचं मात्र आज जमणार नाही.

पहिली अकरा वर्षं मी निबंध फळ्यावर लिहून देत होते. विषय, माझी आई. वर्गात मुलं बेचाळीस आणि आई एकच, प्रेमळ, कष्टाळू, पहाटे उठणारी. एका वर्षी त्यात आत्याकडे वाढलेली एक मुलगी होती. आई तिला आठवतही नव्हती. तिनेही तोच निबंध सुवाच्य अक्षरात उतरवला आणि मी तिला दहापैकी नऊ दिले. पुढे तिची आत्या ती वही घेऊन आली, भांडायला नव्हे, नुसती दाखवायला. त्यानंतर मी फळ्यावर निबंध लिहिला नाही.

मग सुरू झाली आमची लेखन-कार्यशाळा, आठवड्यातून दोनदा, शेवटच्या तासाला. बाकं भिंतीला, मुलं जमिनीवर, विषय ज्याचा त्याचा. खोडायचं नाही, नको त्या ओळीवर एकच रेघ मारायची, म्हणजे आधी काय वाटलं होतं तेही दिसतं. लिहिलं की मोठ्याने वाचायचं, आणि वाचणाऱ्याला वर्गाने दोन प्रश्न विचारायचेच. छान आहे, वाईट आहे, असं म्हणायची बंदी. प्रश्न ऐकून त्याने घरी जाऊन परत लिहायचं. शेजारच्या वर्गातल्या बाई विचारायच्या, हा वर्ग आहे की बाजार? मी म्हणायचे, बाजारात निदान जो तो आपला माल आणतो.

या वर्गात आमची वकीलबाई आहे. हे नाव मुलांनीच ठेवलं, कारण तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. तिनेही आधी लिहिलं होतं की माझी आई कष्टाळू आहे. मुलांनी विचारलं, म्हणजे काय करते? तू कधी बघितलंस? तिने पाच वेळा लिहिलं. पाचवा खर्डा तिच्या आईच्या परवानगीने वाचते. ‘आई इस्त्री करताना बोलत नाही. कॉलरपाशी आली की श्वास रोखते. घडी झाली की शर्टावर एकदा हात ठेवते, माझ्या कपाळावर ठेवते तसाच. मग तो शर्ट ज्याचा त्याला जातो.’

आता साहेब, आपल्या भेटीकडे वळते. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही, तर मीच बोलते. आपण वर्गात वीस मिनिटं बसलात. निघताना शेरा लिहिलात आणि मुलांच्याही कानावर जावा म्हणून मोठ्याने वाचलात, ‘या वर्गातील मुलांना लिहिता येत नाही.’ वकीलबाईचा हात वर गेला. तिला बिचारीला काय ठाऊक! आमच्याकडे जो वाचतो त्याला प्रश्न विचारतात. अधिकाऱ्यांना विचारत नाहीत, हे शिकवायचं राहून गेलं, ती चूक माझी. तिने विचारलं, ‘साहेब, कोणत्या मुलाला?’ आपण पेनाला टोपण लावलंत. मग नियमाप्रमाणे दुसरा प्रश्न, ‘त्याचं तुम्ही काय वाचलंत?’ तरीही उत्तर येईना, तेव्हा तिने आपली समजूत घातली, की पहिल्या खर्ड्यात असं सगळ्यांचंच होतं, परत लिहून बघा.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा बंद झाली. वकीलबाईने माफीपत्र द्यायचं ठरलं. मजकूर कार्यालयात तयार होता, तिने फक्त उतरवायचा. नाहीतर प्रगतिपुस्तकात वर्तनाच्या रकान्यात ‘उद्धट’. पुढच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी तेच पान आधी उघडतात, हे इथल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे.

तिची आई इस्त्रीचं दुकान बंद करून माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, चार ओळींनी काय जातं, तुम्ही तिला समजवा. खरं सांगते, मीही घाबरले होते. निवृत्तीला आठ दिवस राहिले होते, कशाला वाकडं घ्या, असंही मनात आलं. मी तिच्या हातात मुलीची वही दिली. तिने उभ्याउभ्याच पाचही खर्डे वाचले, रेघा मारलेल्या ओळींसकट.

‘ही बघत होती होय?’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, अभ्यास करतेय.’

तिने वही मिटून वर एकदा हात ठेवला. मग म्हणाली, ‘दुसऱ्याने लिहिलेलं ती उतरवणार नाही, बाई. शेऱ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.’

तिच्या त्या वाक्यासमोर मला माझ्या भीतीची लाज वाटली.

काल प्रगतिपुस्तकं भरली. वर्तनाचा शेरा वर्गशिक्षिकेने लिहायचा आणि मुख्याध्यापकांची सही झाली की तो बदलायचा नाही, हा आपल्या संस्थेचाच नियम आहे. सर, आपण या समारंभाच्या गडबडीत होतात. बेचाळीस पुस्तकांवर आपण भराभर सह्या केल्यात, न वाचता. तेव्हा आता ऐका. वकीलबाईच्या रकान्यात मी ‘उद्धट’ लिहिलेलं नाही. मी लिहिलंय, ‘तपासणी अधिकाऱ्यांना विचारलं, कोणत्या मुलाला? उत्तराची वाट पाहत आहे.’

आणि मुलांनो, सोमवारपासून शाळा सुटली की इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत या. वकीलबाईच्या आईने जागा मोकळी करून ठेवली आहे.

इतकी वर्षं आपण सर्वांनी मला सांभाळलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. त्या रकान्यातल्या वाक्याबद्दल मात्र माफी मागणार नाही. साहेब, माझ्यानंतर बोलायची पाळी आपली आहे. मुलं थांबली आहेत.