बिआन सरांची कांडी

नाही हो गोंग सर, तसं नाही — आधी बसा तरी! बीजिंगहून एवढे आलात माझं काम तपासायला, उभ्याउभ्या काय तपासणार? तो ठिपक्यांचा फोटो पाहिलात ना? एकेक ठिपका म्हणजे कोबाल्टचा एकेक अणू — सुटा! तेच तर अवघड. अणू म्हणजे अगदी माझ्या सासरची माणसं, जरा ऊब लागली की घोळका करणार, मग कुणी कामाला हात लावेल तर शपथ. मी एकेकाला कार्बनवर लांब लांब बसवलं — बस बाबा एकटा, कर काम! आणि करतात हो. महागडं पॅलेडियम जे करतं तेच माझं स्वस्तातलं कोबाल्ट करतं, चार मिनिटांत. दाखवते की. हे पिवळं पाणी — उत्प्रेरक टाकला की पिवळेपणा जातो, नाही टाकला तर उद्यापर्यंत असंच ढिम्म.

हसू नका, माझी सहा वर्षं या पिवळ्या पाण्यात गेलीत. आमच्या संस्थेचा नियम ठाऊकच आहे तुम्हाला — सहा वर्षांत बढती, नाहीतर चालते व्हा. जूनमध्ये माझी भरतात. तुमची सही झाली तर मी प्राध्यापक, नाही झाली तर दालियनला रामराम. नवरा म्हणतो, बंदराजवळ माशाचं सारण भरलेल्या जिआओझींची गाडी टाकू, तुला मोजमाप छान जमतं! मेल्याला चेष्टा सुचते.

अं? डबीला लाल दोरा? अहो, ते आमचं दैवत! ढवळायची कांडी आहे ती — आत लोहचुंबक, वरून पांढरा लेप. माझे मार्गदर्शक बिआन सर निवृत्त झाले तेव्हा माझ्या हातात ठेवून गेले — म्हणाले, हिनं मला वीस वर्षं साथ दिली, आता तुला देईल. आणि दिली! खोटं कशाला बोलू, नवी कांडी घातली की हेच कोबाल्ट रडतखडत तासभर लावतं, ही घातली की चार मिनिटं. नव्या कांड्या मेल्या गुळगुळीत, नीट ढवळतच नाहीत. बाकीची भांडी मी अम्लराजात बुडवून धातूचा कण न् कण काढते, हिला मात्र नुसतं पाणी — नशीब धुऊन गेलं म्हणजे? कोबाल्टशिवायची चाचणी? केली तर! पंचवीसदा केली — नव्या कांडीनं. हिला कशाला उगाच झिजवायचं?

कांडी उजेडात धरून काय बघताय? बिआन सरांचं काम? पॅलेडियमवर, जन्मभर, सगळ्यांना माहीत —

छे! लेपावर चरे पडलेत, मान्य, पण चऱ्यात असं किती पॅलेडियम अडकून राहणार — अहो सर, कोबाल्ट टाकायचं राहिलं! मुद्दाम? बरं, फिरू दे नुसती कांडी. काय डोंबल होणार आहे? बुडबुडे येतात, ते येतातच. मिनिट झालं — बघा, पिवळं ते पिवळंच. तुम्ही मोठी माणसं फार शंकेखोर बुवा. दोन मिनिटं झाली. खिडकीपाशी जरा फिकंच दिसतं हो, उजेड पडतो ना. म्हणजे — थोडं — नाही, उजेड नाही. फिकं झालंय.

आरपार दिसतंय, सर.

बंद करा ते. नको, राहू दे. सहा वर्षं हो. सहा वर्षं मी त्या कांडीला नमस्कार करून काम केलं, आणि काम तीच करत होती, मी नुसती बघत होते. कसली ही मूर्ख बाई! काय म्हणालात? तुम्ही काही पाहिलंच नाही? सही करून जाता? माझी कीव आली होय! मलाही आलीय, रडू फुटायला आलंय, पण ते तुमच्यादेखत नाही. पाहिलंत तुम्ही, सर. मीही पाहिलं. पेन खिशात ठेवा. आता निघा, आणि जाताना दार ओढून घ्या.