सरांची दीर्घिका आणि मैदानावरचा दिवा

कांबळेभाभी, मास्तर लोक, शाळेची पोरं, आन् खुर्चीवरचे साहेब,

मला भाषण येत न्हाई, त्यात ही सरांची शोकसभा. मी चश्मेवाला सलीम. कांबळे सरांच्या दुर्बिणीची काच मी घासली, नळी सरांनी जोडली. त्या दोस्तीवर उभा हाय. मघापासून सगळे म्हणून राहिलेत, सर लई शांत होते. न्हाई हो! सर चिडून गेले. आन् मीबी चिडलोय.

दुष्काळात ह्याच मैदानात सरांनी पहिल्यांदा दुर्बीण लावली. मृगाच्या खाली, दक्षिणेला, एक दीर्घिका दाखवली. मी बघतो तर धुरकट डाग. धंदा माझा चश्म्याचा! रुमाल काढला, काच पुसली. परत पुसली. सर हसून बेजार. म्हणाले, "सलीमभाई, ऱ्हाऊ द्या. त्या डागात अब्जावधी तारे हायत."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पुढं-मागं दोन तोट्या, म्हणून घागरींच्या दोन रांगा. एक वळत मशिदीमागं गेलेली, दुसरी विहाराकडं. सरांनी मला शाळेच्या गच्चीवर नेलं. "बघा, तुमचा डाग जवळून असा दिसतो. टँकर म्हणजे मधला ताऱ्यांचा दांडा. त्याच्या दोन टोकांपासून वळत गेलेले हे दोन हात. दांड्यावाटे वायू मधोमध ओढला जातो, तिथं नवे तारे जन्मतात." खाली बाया घागरी पुढं सरकवत होत्या. मला तव्हा कळलं.

मग लातूर जिल्हा झाला. सरांनी पोरांची फेरी काढली, मी पुढं झेंडा धरला. लई खुशी होती. आन् मैदानात हा दिवा आला. दीर्घिका गायब!

सर नगरपालिकेत तुमच्याकडं आले, साहेब. "एक संध्याकाळ बंद करा, पोरांना दाखवायचं हाय." तुम्ही म्हणालात, "जिल्हा झालाय सर, आता अंधार कशाला?" दर थंडीत ती दीर्घिका यायची. दर थंडीत सर जायचे आन् 'बघू' ऐकून यायचे. कव्हा बघणार होता?

तिचा उजेड कोट्यवधी वर्षं चालून राहिला. निघाला तव्हा माणूस न्हवता, जिल्हा तर न्हवताच. एवढ्या लांबून आला, आन् आपल्या दारात येऊन ह्या खांबापाशी हरला. ह्याला काय म्हणावं?

साहेब, तुम्ही हार आणलाय. मेहेरबानी. पण सरांनी हार कव्हा मागितला होता?

आता गप्प उभं ऱ्हायचा रिवाज हाय. ह्या लखलखाटात मी उभा ऱ्हाणार न्हाई. आज थंडी हाय, आभाळ साफ हाय, कोपऱ्यात दुर्बीण लावलीय. साहेब, तुमच्या माणसाला बटणाकडं पाठवा. आम्ही थांबतो.

...झाला बंद? हाव.

उठा सगळे. कुणी बोलू नका. भाभी, आधी तुम्ही या. धुरकट डाग दिसंल.

तोच हाय. पुसू नका.