देठ सुटलेली मिरची

घरातलं एकरंगी छपाईचं मशीन चार रंगांचं करायचं खूळ माझंच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही. जुन्या पंख्याच्या बेअरिंगवर चार लोखंडी हात बसवले, प्रत्येक हाताला एकेका रंगाची छपाईची स्क्रीन लावली आणि पहिलीच ऑर्डर घेतली रंजनाआक्काची. गल्लीतल्या बाया जमवून ती मिरचीपूड करते. तिच्या कापडी पिशव्यांवर लाल मिरची आणि हिरवा देठ, एवढंच छापायचं होतं.

पहिली पिशवी बरोबर आली, म्हणून पुढच्या मी नीट बघितल्याच नाहीत. बेअरिंग मात्र ढिलं होत गेलं. शेवटी बघतो तर मिरची एकीकडे आणि देठ बोटभर लांब. कापड आक्काचं होतं. ती पिशव्या न्यायला आली तेव्हा खाली मान घालून मी ढीग तिच्यापुढे ठेवला.

"देठ तोडेल शे का रे हाई?"

"चुकीसन तुटना, आक्का. नवं कापड लई देसू."

"ऱ्हाऊ दे. आम्ही बाया दिनभर बशीसन देठच तं खुडतस. बोटे जळी जातस. आजपावत हाई कोणी छापं नही."

सगळ्या पिशव्या घेऊन गेली.

मला हुरूप आला. आठवडाभर खपून बेअरिंग पक्कं केलं. तिच्या पुढच्या ऑर्डरच्या पिशव्यांवर देठ मिरचीला असा चिकटून बसला की मी स्वतः पोचवायला गेलो. आक्काने एक पिशवी उलगडून बघितली आणि गठ्ठा परत माझ्या हातात दिला.

"भाऊ, हाई मिरची खुडानी राही गई."